आजची परवडणारी गाडी खरंच जुन्या फेरारीच्या तोडीची आहे का? तुलना नीट कशी करायची

गाड्यांच्या कुठल्याही ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी हा वाद होतोच, एकजण म्हणतो की माझी पन्नास-साठ लाखांची गाडी नव्वदच्या दशकातल्या फेरारीला शून्य ते शंभरमध्ये (थांबलेल्या गाडीला ताशी शंभर किलोमीटर गाठायला लागणाऱ्या वेळात) खाऊन टाकते, दुसरा म्हणतो फेरारी ती फेरारी, आणि मग दोघंही इंटरनेटवरून आकडे काढून एकमेकांच्या तोंडावर फेकत बसतात. गंमत म्हणजे दोघांचे आकडे बऱ्याचदा बरोबर असतात, फक्त ते एकमेकांशी जुळणारे नसतात. एक अमेरिकन मासिकाचा, दुसरा कंपनीच्या ब्रोशरमधला, एकाचं वजन टाकी रिकामी ठेवून केलेलं, दुसऱ्याचं ड्रायव्हरसकट.

तर हा हिशोब नीट कसा लावायचा ते सांगतो. कागद, पेन, मोबाईलचा कॅल्क्युलेटर, एवढं पुरे.

आधी जोडी बरोबर निवडा

"सुपरकार" म्हणजे फेरारीसारखी महागडी, भन्नाट वेगाची गाडी, पण त्यातली नेमकी कुठली हे आधी ठरवा, कारण जुन्या सुपरकारमध्येच जमीन-अस्मानाचा फरक आहे. १९८४ ची फेरारी टेस्टारोसा घ्या, ४.९ लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, ३९० पीएस (पीएस हे इंजिनाच्या ताकदीचं माप), शून्य ते शंभर ५.८ सेकंद, टॉप स्पीड २९०. त्या काळी पोरांच्या खोलीत भिंतीवर हिचं पोस्टर असायचं. आता फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय बघा, २०२५ मध्ये आपल्याकडे ५२.९९ लाखांना आली, २ लिटर टर्बो (म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा असलेलं इंजिन), २६५ पीएस, पुढची चाकं ओढणारी, मागे डिकीत भाजीच्या पिशव्या बसतात, आणि शून्य ते शंभर ५.९. म्हणजे पाव सेकंदाचाही फरक नाही. होंडा सिविक टाइप आर घेतली, ३२९ पीएसची, तर ती ५.४ मध्ये जाते म्हणजे टेस्टारोसाच्या पुढेच.

पण फेरारीचीच १९८७ ची एफ४० घेतलीत तर गोष्ट बदलते. ४७८ पीएस, दोन टर्बो, कंपनीने सांगितलेलं वजन ११०० किलो, टॉप स्पीड ३२४. आणि १९९२ ची मॅकलरेन एफ१ घेतलीत, ६२७ पीएस आणि ११३८ किलो, तर मग परवडणारी वगैरे भाषा विसरा, तिथे आजच्या बऱ्याच महाग गाड्याही मागे राहतात. त्यामुळे "जुनी सुपरकार" असं मोघम बोलू नका, मॉडेल आणि वर्ष लिहा.

"परवडणारी" हा शब्दही तसाच फसवा आहे. शेवरोलेची कॉर्व्हेट सी८ अमेरिकेत २०२० साली साठ हजार डॉलरच्या आत सुरू व्हायची, इंजिन सीटच्या मागे, ६.२ लिटर व्ही८, ४९५ हॉर्सपॉवर, तिथल्या माणसाला ती खरंच परवडणारी. आपल्याकडे कंपनी ती अधिकृतपणे विकतच नाही. निसान जीटी-आर तिकडे आली तेव्हा सत्तर हजार डॉलरच्या आत होती, आपल्याकडे २०१६ मध्ये आली ती १.९९ कोटींना! ड्युटी लागली की परवडणं संपलं. म्हणून किंमत कुठल्या देशातली आणि कुठल्या सालची ते बाजूला लिहून ठेवा, नाहीतर वाद तिथेच अडकतो.

आकडे एका मापात आणा

हे कंटाळवाणं काम आहे पण नव्वद टक्के भांडणं इथेच मिटतात.

पहिलं म्हणजे शून्य ते शंभर आणि शून्य ते साठ एक नाही. अमेरिकन लोक ६० मैल मोजतात, म्हणजे ९६.६ किलोमीटर, त्यापुढचे साडेतीन किलोमीटर गाठायला गाडीला अजून थोडा वेळ लागतो. वर तिकडे रोलआउट नावाची भानगड आहे, ड्रॅग स्ट्रिपच्या प्रथेप्रमाणे गाडी पहिला एक फूट पुढे सरकली की मग घड्याळ चालू. एका फुटाने काय होतं असं वाटेल, पण गाडी थांबलेली असताना तो पहिला फूटच सगळ्यात हळू जातो, त्यात दोन-तीन दशांश सेकंद सहज खपतात. त्यामुळे अमेरिकन २.९ हा युरोपियन पद्धतीने मोजला तर सव्वातीनच्या आसपास किंवा थोडा वरही जाऊ शकतो. कॉर्व्हेट सी८ चा २.९ हा असाच आकडा आहे, तो थेट जुन्या इटालियन शून्य-ते-शंभरच्या शेजारी मांडू नका.

दुसरं, ताकद. पीएस आणि हॉर्सपॉवर जवळजवळ सारखेच, १०० हॉर्सपॉवर म्हणजे साधारण १०१.४ पीएस, तो फरक सोडून द्या. पण सत्तरच्या आधीच्या अमेरिकन गाड्यांचे आकडे ग्रॉस असायचे, म्हणजे इंजिन बाहेर काढून, अल्टरनेटर नाही, सायलेन्सर नाही, अशा अवस्थेत मोजलेले, ते आजच्या नेट, म्हणजे सगळं जोडून मोजलेल्या, आकड्याशी लावायचेच नाहीत. उलटी गंमत जपान्यांची, त्यांच्या कंपन्यांनी आपसात ठरवून २००४ पर्यंत कागदावर २८० पीएसच्या वर जायचं नाही असं पाळलं, त्यामुळे त्या काळातली स्कायलाइन जीटी-आर कागदावर २८० ची आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच दांडगी. इटालियन ब्रोशर मात्र दुसऱ्या टोकाला, सत्तरच्या दशकातले टॉप स्पीड फुगवलेले असू शकतात हे धरूनच वाचा.

तिसरं वजन, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथे. जुन्या सुपरकारचं वजन बहुतेक वेळा ड्राय वेट असतं, पेट्रोल नाही, ऑइल नाही, कूलंट नाही. आजच्या युरोपियन गाडीच्या वजनात बऱ्याचदा ७५ किलोचा ड्रायव्हरही धरलेला असतो. टेस्टारोसाचं कागदी वजन १५०६ किलो ड्राय, टाकीच शंभर लिटरच्या वरची, म्हणजे प्रत्यक्षात सोळाशेच्या खाली येत नाही. एफ४० पण ११०० वरून साडेबाराशेच्या पुढे जाते. ड्राय वेट दिसलं की निदान शंभर किलो मिळवायचे, मोठी टाकी असेल तर अजून.

मग पॉवर टू वेट काढा, पण तिथे थांबू नका

सोपं आहे, पीएसला टनाने भागायचं. टेस्टारोसा ३९० भागिले १.६ म्हणजे २४४ च्या आसपास. सिविक टाइप आर ३२९ भागिले १.४३ म्हणजे २३०. बीवायडी सील परफॉर्मन्स, जी २०२४ मध्ये आपल्याकडे ५३ लाखांना आली, ५३० पीएस पण वजन २१८५ किलो, म्हणजे २४३. बघा, तिघीही एकाच वर्गात. फेरारी ३६० मोडेना, १९९९ ची, ४०० पीएस आणि १३९० किलो, २८८. कॉर्व्हेट सी८ तीनशेच्या आसपास. एफ४० ३८० च्या आसपास. मॅकलरेन एफ१ साडेपाचशे.

आता खरी मजा. ३६० मोडेना २८८ वाली, शून्य ते शंभर ४.५ सेकंद. बीएमडब्ल्यू एम३४०आय, चेन्नईत जोडली जाणारी चार दरवाज्यांची सेडान, २०२१ मध्ये ६२.९ लाखांना आलेली, ३८७ हॉर्सपॉवर पण वजन सतराशेच्या पुढे, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपासची, ती ४.४ मध्ये जाते. आणि सील, २४३ वाली, ३.८ मध्ये! पॉवर टू वेट कमी आणि पळते जास्त, हे कसं?

इथेच सगळ्या विषयाची मेख आहे. शंभरपर्यंतची शर्यत ही इंजिनाची कमी आणि पकडीची जास्त असते. गणित करून बघा, शंभरचा वेग म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण एक जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या प्रवेगाने, पुढे गेली तर २.८३ सेकंद लागतील. ४.५ सेकंद म्हणजे सरासरी ०.६३ जी. ३.८ म्हणजे ०.७५. जुन्या गाडीकडे ताकद होती, ती रस्त्यावर उतरवता येत नव्हती.

का उतरवता येत नव्हती, त्याची कारणं एकेक मोजा.

टायर. माझ्या मते अर्धं श्रेय इथेच जातं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. लॅम्बोर्गिनी काउंटाच एलपी४००, १९७४ ची, ३७५ पीएस, मागचे टायर २१५/७० आर१४. आपल्या क्रेटाच्या वरच्या मॉडेलला २१५/६० आर१७ येतात. म्हणजे बारा सिलिंडरची काउंटाच क्रेटाच्या रुंदीच्या टायरवर उभी होती, आणि तेही पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरावर. सिविक टाइप आर ला चारही चाकांना २६५ चे टायर आहेत. नुसती रुंदी नाही, आजच्या रबरात सिलिका असते, ओल्यात पकड वेगळी, कोरड्यात वेगळी, पूर्वी रेसिंगच्या टायरला मिळायची तेवढी पकड आज दुकानात मिळते. उलट बाजूने पण लक्षात ठेवा, जुन्या गाडीला आजचे टायर घातले की तीच गाडी जुन्या टेस्टपेक्षा फास्ट निघते, त्यामुळे १९८५ च्या मासिकातला आकडा हा फक्त गाडीचा नाही, १९८५ च्या टायरचाही आहे.

टॉर्क, म्हणजे इंजिनाची चाकं फिरवायची ओढ, कुठे मिळतो. ३६० मोडेनाला ३७३ एनएम (टॉर्कचं माप) मिळतात ते ४७५० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे), त्याखाली ती आळशी. एम३४०आय ला ५०० एनएम दोन हजाराच्या आतच मिळतात आणि पाच हजारापर्यंत सपाट राहतात. छोटा हलका टर्बो, सिलिंडरमध्ये थेट पेट्रोलचा फवारा, नॉक (पेट्रोलचा अवेळी स्फोट) ओळखून क्षणाक्षणाला ठिणगीचं टायमिंग बदलणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), हे सगळं एकत्र आल्यामुळे आजचं टर्बो इंजिन खालपासून ओढतं. एफ४० लाही टर्बो होते पण तिथे पाय दाबल्यावर आधी काहीच नाही आणि मग एकदम सगळं, आणि मागची चाकं फिरायला लागली तर ती सांभाळायला ट्रॅक्शन कंट्रोल नाही, एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंगही नाही.

गिअर. जुन्या फेरारीच्या लोखंडी खाचांमधून लिव्हर ओढत दुसरा गिअर टाकायला चांगल्या ड्रायव्हरलाही अर्धा सेकंद जातो, त्या वेळात इंजिन काही ओढत नाही. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच तयार असतो, ओढ तुटतच नाही. लाँच कंट्रोल असेल तर क्लच कुठे सोडायचा हे शिकायलाही नको, ब्रेक दाबा, ॲक्सिलरेटर दाबा, ब्रेक सोडा. ब्रोशरमधला ५.८ टेस्टारोसात काढायला हात बसलेला ड्रायव्हर लागायचा, आजचा ४.४ तुमचा मेहुणाही पहिल्या दमात काढेल.

चारही चाकांना ताकद. एम३४०आय आणि सील दोन्हीत आहे. पोर्शेच्या ९५९ मध्ये हे ऐंशीच्या दशकातच होतं आणि म्हणूनच ती तेव्हा ३.७ मध्ये जायची, आजही तो आकडा लाजवणारा आहे. हे उदाहरण मला फार आवडतं, कारण बाकी जगाने पंचवीस-तीस वर्षांनी जे स्वस्तात आणलं ते तिने तेव्हाच दाखवून दिलं होतं.

आता ट्रॅप स्पीड बघा, खरी ताकद तिथे कळते

हे एकच जरी घेतलंत तरी पुढच्या वादात तुम्ही जिंकाल. क्वार्टर माइलच्या म्हणजे ४०२ मीटरच्या टेस्टमध्ये दोन आकडे असतात, किती सेकंद लागले आणि रेषा ओलांडताना वेग किती होता (हाच ट्रॅप स्पीड). लोक फक्त सेकंद वाचतात. सेकंद हे सुटतानाच्या पकडीचं माप आहे, वेग हे ताकद आणि वजनाचं.

मॅकलरेन एफ१ ब्रिटिश ऑटोकार मासिकाने १९९४ मध्ये मोजली, क्वार्टर माइल ११.१ सेकंद, वेग १३८ मैल म्हणजे २२२ किलोमीटर. कॉर्व्हेट सी८ अमेरिकन मासिकाच्या टेस्टमध्ये ११.२ सेकंद, वेग १२२ मैल म्हणजे १९६. सेकंद जवळपास सारखे! एवढंच वाचलं तर कोणीही म्हणेल साठ हजार डॉलरची गाडी मॅकलरेनच्या बरोबरीची. पण रेषेवर मॅकलरेन ताशी २६ किलोमीटर जास्त वेगात होती. कॉर्व्हेटने सुटतानाच जी आघाडी घेतली ती तिला तिथपर्यंत पुरली, पुढे अजून रस्ता असता तर मॅकलरेन झपाट्याने पुढे निघून गेली असती. (अमेरिकन घड्याळाचा रोलआउट धरला तर कॉर्व्हेटची आघाडी अजून थोडी कमी होते, वर सांगितलंच.)

म्हणजे नियम असा लावा, सेकंद सारखे आणि ट्रॅप स्पीड कमी असेल तर ती गाडी पकडीवर जिंकली, आणि ट्रॅप स्पीडही सारखा असेल तरच "तोडीची" म्हणा. इलेक्ट्रिक गाड्यांना तर हे आवर्जून लावा. सील ३.८ मध्ये शंभर गाठते पण १८० ला कंपनीनेच थांबवलेली आहे, ३६० मोडेना तिथून पुढे अजून शंभरच्या वर जाते. एमजीची सायबरस्टर, ५१० पीएस, ३.२ सेकंद, पंच्याहत्तर लाखांच्या आसपास, दोन दरवाजे, छप्पर उघडणारी, शंभरपर्यंत ती एफ४० लाही घाम फोडेल, पण दोनशेच्या वरची बात करू नका.

ब्रेक आणि लॅप टाइम

ब्रेकिंगबद्दल थोडक्यात. शंभरवरून थांबायला ०.९ जी ने जवळपास ४४ मीटर लागतात, १.१ जी ने ३६. हे आठ मीटर म्हणजे जवळजवळ दोन गाड्यांची लांबी. आजची बरी स्पोर्ट्स कार १.१ सहज काढते, ओल्यात वाकडीतिकडी होत नाही, आणि एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत तोच आकडा ड्रायव्हरच्या पायावर अवलंबून. इथे नवी गाडी निर्विवाद पुढे.

लॅप टाइमसाठी सगळे जर्मनीतला नूरबर्गरिंग ट्रॅक धरतात. ३६० मोडेना तिथे ८ मिनिटं ९ सेकंदांच्या आसपास, सिविक टाइप आर २०२३ मध्ये ७:४४.८८१. पुढच्या चाकांवर चालणारी दोन लिटरची हॅचबॅक जवळपास पंचवीस सेकंद पुढे, ऐकायला भारी वाटतं आणि बऱ्याच अंशी आहेही. पण तीन गोष्टी तपासा. मोडेनाचा टाइम जर्मन मासिकाच्या टेस्ट ड्रायव्हरचा आहे, सिविकचा खुद्द कंपनीने रेकॉर्ड करायला म्हणून काढलेला. सिविकला रेकॉर्डसाठी कप २ प्रकारचे, ट्रॅकसाठीचे चिकट टायर होते. आणि लॅपची लांबी, जुने टाइम बहुतेक २०.६ किलोमीटरचे, २०१९ नंतरचे अधिकृत टाइम २०.८३२ चे, म्हणजे नव्या टाइममध्ये साधारण पाच सेकंद जास्तीचे धरलेले असतात, इथे हा मुद्दा सिविकच्या बाजूने जातो. सगळं वजाबाकी-बेरीज करूनही सिविकच पुढे राहते, फक्त हिशोब दाखवून बोला.

स्वतः मोजायचं असेल तर

मोबाईलच्या ॲपवर भरवसा ठेवू नका, फोनचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच जागा सांगतं, त्यावर दशांश सेकंद मोजणं म्हणजे थट्टा. वेगळी छोटी जीपीएस डबी मिळते, ड्रॅगी किंवा रेसलॉजिकची, सेकंदाला दहा किंवा जास्त वेळा मोजणारी, ती काचेला लावा. रस्त्याचा उतार एक टक्क्याच्या आत हवा, दोन्ही दिशांनी पळवा आणि सरासरी काढा, टाकी किती भरलेली आणि गाडीत किती माणसं ते लिहा.

उंचीही लिहा. हे आपल्याकडे कोणी करत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर आहे, टर्बो नसलेलं इंजिन शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं, म्हणजे ४०० पीएसची मोडेना पुण्यात ३७८ च्या आसपासची होते. टर्बोवाली बरीचशी भरपाई करते आणि इलेक्ट्रिकला तर पत्ताच लागत नाही. मुंबईत बरोबरीत सुटलेली जोडी पुण्यात बरोबरीत सुटणार नाही.

आणि हे सगळं एक्स्प्रेसवेवर करायचं नाही, तिथे सपाटीला मर्यादा १०० आहे, घाटात ६०, कॅमेरे जागोजागी, आणि शेजारून ट्रक चाललेला असतो. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन म्हणून क्वार्टर माइलचा इव्हेंट भरतो, तिथे टायमिंग नीट मिळतं, जुन्या-नव्या दोन्ही गाड्या येतात, ट्रॅप स्पीडही समजतो. ट्रॅकच हवा असेल तर कोइम्बतूर, चेन्नई किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. ट्रॅकवर पहिल्या लॅपचा आकडा धरू नका, पाचव्याचा धरा, सव्वादोन टनाची इलेक्ट्रिक पहिल्या लॅपला वाघ असते आणि पाचव्याला ब्रेक आणि बॅटरी दोन्ही गरम करून बसते. जुन्या सुपरकारचंही तेच, फक्त तिथे गरम होणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आणि महाग. टेस्टारोसा आणि फेरारीच्याच एफ३५५ ला टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, त्या एका सर्व्हिसचं बिल बघून लोक गाडी विकतात.

आणि घ्यायचीच असेल तर

शंभरपर्यंतचा धक्का हवा असेल तर सील, पैशाच्या मानाने तिच्या जवळपास कोणी नाही, पण वळणावर वजन जाणवतं. सगळं थोडं थोडं हवं आणि घरच्यांनाही बसवायचं असेल तर एम३४०आय, माझं मत विचाराल तर मोडेनाच्या आकड्यांच्या सगळ्यात जवळ रोजच्या वापरात तीच जाते. गोल्फ जीटीआय मोजक्याच आल्या, मिळाली तर बघा. आवाज हवा असेल तर जुनी फोर्ड मस्टँग जीटी शोधा, २०१६ मध्ये ६५ लाखांना आलेली पाच लिटर व्ही८, सेकंडहँडमध्ये बरी मिळू शकते.

सेकंडहँड घेताना सगळ्यात आधी टायरच्या बाजूचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्या कमी चालतात त्यामुळे नक्षी नवीन दिसते आणि रबर आतून दगड झालेलं असतं. पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तर चार नवीन टायरचे पैसे किमतीतून तिथेच कमी करून घ्या, आणि ते बदलेपर्यंत लाँच कंट्रोलच्या बटणाला हात लावू नका.